एका फेजला २४२ व्होल्ट, बाकी दोघींना अर्धंच: डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरमध्ये हे कसं घडतं?

तिसरी_फेज (प्रश्न)

तेलाचा वितरण ट्रान्सफॉर्मर आहे. १०० केव्हीए, ११००० / ४३३ व्होल्ट, एचटी (हाय टेन्शन, ११००० ची बाजू) डेल्टा, म्हणजे तीन वाइंडिंग त्रिकोणात जोडलेली; एलटी (लो टेन्शन, ४३३ ची बाजू) स्टार, म्हणजे तिन्हींचं एकेक टोक एका बिंदूत, न्यूट्रलमध्ये, जोडलेलं. एलटीच्या बाजूला न्यूट्रलशी मोजल्यावर एका फेजला २४२ व्होल्ट, दुसरीला ११८ आणि तिसरीला १२३ मिळतात. एलटीचे तिन्ही फ्यूज शाबूत आहेत. न्यूट्रल तुटला असेल असं आधी वाटलं, पण त्याचा लग (तारेच्या टोकाचा जोड) घट्ट आहे आणि न्यूट्रल ते टाकी व्होल्टेज जवळजवळ शून्य येतं. मग हे अर्धं व्होल्टेज कुठून आलं?

याच निमित्ताने मुळातल्या दोन शंका. एचटी वाइंडिंग म्हणजे नुसती तार. मीटरने मोजली तर फेजमागे काही दहा ओहम. तिला ११००० व्होल्ट लावले तर शेकडो अँपिअर जायला हवेत, तसं होत नाही. एलटीवर लोड आला की मात्र एचटीचा करंट लगेच वाढतो. दोन्ही वाइंडिंगना जोडणारी तार नाही, तरी एचटीला हे कळतं कसं? दुसरी शंका: लोड वाढला की कोअरमधला (लोखंडी गाभ्यातला) फ्लक्स, म्हणजे चुंबकीय प्रवाह, वाढतो आणि कोअर सॅच्युरेट होतो, म्हणजे आणखी फ्लक्स सहज घेऊ शकत नाही, असं बऱ्याचदा ऐकायला मिळतं. ते बरोबर आहे का?

---

गाभा_आणि_वेढे

दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिचं उत्तर पक्कं झालं की बाकीचं सुटत जातं. नाही, लोड वाढल्याने कोअरमधला फ्लक्स वाढत नाही. फ्लक्स किती हे व्होल्टेज ठरवतं. ट्रान्सफॉर्मरबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

सूत्र असं: एका वाइंडिंगचं व्होल्टेज = ४.४४ × फ्रिक्वेन्सी × वेढ्यांची संख्या × कमाल फ्लक्स. यात करंट कुठेच नाही. व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि वेढे ठरले की फ्लक्सला पर्याय उरत नाही.

तुमच्याच १०० केव्हीएचे आकडे घेऊ. समजा डिझाइन दर वेढ्याला ५ व्होल्टचं आहे. एलटी स्टार असल्याने तिची फेज २५० व्होल्टची, म्हणजे ५० वेढे. एचटी डेल्टा असल्याने प्रत्येक वाइंडिंगला पूर्ण ११००० व्होल्ट, म्हणजे २२०० वेढे. कोअर १.६ टेस्लावर चालवायचा तर ५ ÷ (४.४४ × ५० × १.६) = ०.०१४१ चौरस मीटर, साधारण १४१ चौरस सेंटिमीटर छेदाचं लोखंड लागतं. छेद याहून बराच कमी ठेवला तर कोअर रिकामाच असताना सॅच्युरेट होईल, लोड असो वा नसो.

आता पहिली शंका. बदलता फ्लक्स एचटीच्या २२०० वेढ्यांत उलट दिशेचं व्होल्टेज तयार करतो आणि ते लावलेल्या ११००० ला जवळजवळ पुरं पडतं. म्हणून लोड नसताना लागतो तो फक्त कोअर चुंबकित करण्यापुरता करंट, पूर्ण लोडच्या एक-दोन टक्के. तुमच्या एचटीचा पूर्ण लोड लाइन करंट ५.२५ अँपिअर आहे, त्यामुळे रिकाम्या अवस्थेत सुमारे ०.१ अँपिअर. त्या वाइंडिंगमधला फेज करंट त्याहूनही १.७३२ पटीने कमी. मीटरला जी तार काही दहा ओहम दिसते, ती ५० हर्ट्झला पावणेदोन लाख ओहमच्या आसपास अडथळा करते. तिलाच डीसी लावला तर फ्लक्स बदलणार नाही, उलट व्होल्टेज उरणार नाही आणि वाइंडिंग जळेल.

एलटीवर लोड आला की एलटीचा करंट कोअरमधला फ्लक्स कमी करायला बघतो. फ्लक्स किंचित ढळला की उलट व्होल्टेज कमी पडतं, तेवढ्याने एचटी जास्त करंट ओढते आणि फ्लक्स पुन्हा जागेवर येतो. एचटीला “कळतं” ते असं. हिशेब दोन्हीकडे जुळतो: एलटीला पूर्ण लोडवर १३३.३ अँपिअर × ५० वेढे = ६६६५ अँपिअर-वेढे; एचटीला वाइंडिंगमध्ये ३.०३ अँपिअर × २२०० = ६६६६. खरं तर पूर्ण लोडवर कोअरमधला फ्लक्स थोडा कमीच असतो, कारण वाइंडिंगच्या अंतर्गत अडथळ्यात काही व्होल्ट खर्ची पडतात.

मग कोअर सॅच्युरेट कधी होतो? व्होल्टेज वाढल्यावर किंवा फ्रिक्वेन्सी घटल्यावर. ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर त्याच व्होल्टेजला ५० हर्ट्झवर लावला तर फ्लक्स २० टक्के वाढतो आणि तो गुरगुरत तापतो. लोडने तापतात ती वाइंडिंग, व्होल्टेजने तापतो तो कोअर. ट्रान्सफॉर्मरची क्षमता किलोवॉटऐवजी केव्हीएमध्ये लिहितात ती याचमुळे: कोअरला व्होल्टेजशी आणि तांब्याला करंटशी देणंघेणं आहे, लोडचा पॉवर फॅक्टर काय आहे याच्याशी दोघांनाही नाही.

---

एचटी_एलटी

अर्ध्या व्होल्टेजचं उत्तर: एचटीची एक फेज गेली आहे. डीओ फ्यूज (खांबावरचा, उडाला की खाली लोंबणारा एचटीचा फ्यूज) गळला असेल, एबी स्विचचं (खांबावरच्या तीन पात्यांच्या एचटी स्विचचं) एक पातं नीट बसलं नसेल किंवा जंपर (जोडतार) तुटला असेल.

एचटीच्या तीन तारांपैकी एक गेली की डेल्टातलं एकच वाइंडिंग उरलेल्या दोन तारांमध्ये थेट राहतं आणि पूर्ण ११००० घेतं. बाकीची दोन वाइंडिंग एकापुढे एक जोडलेली, त्याच दोन तारांमध्ये. त्यामुळे ११००० त्यांच्यात वाटले जातात, साधारण निम्मे निम्मे. एलटीला तेच उमटतं. तुमचे ११८ आणि १२३ मिळून २४१ होतात, म्हणजे पूर्ण फेजच्या २४२ एवढेच. दोघींमधला पाच व्होल्टचा फरक त्यांच्यावरच्या असमान लोडमुळे.

खात्री करायची असेल तर न्यूट्रलला हात न लावता फेज-फेज मोजा. दोन अर्ध्या फेज एकाच दिशेच्या असतात, म्हणून त्यांच्यामध्ये जवळजवळ शून्य मिळेल, तुमच्या बाबतीत ५ व्होल्टच्या आसपास. पूर्ण फेज त्यांच्या उलट दिशेची असल्याने तिच्यापासून प्रत्येकीशी ३६०-३६५ व्होल्ट मिळतील.

न्यूट्रल तुटल्यावर चित्र अगदी वेगळं असतं. तिथे फेज-फेज व्होल्टेज तिन्ही जोड्यांना ४३३ च्या जवळ शाबूत राहतं, पण ग्राहकाकडे फेज-न्यूट्रल व्होल्टेज लोडप्रमाणे कसंही वाटलं जातं. एका फेजवर १० ओहमचा लोड आणि दुसरीवर ४० ओहमचा असेल आणि तिसरी रिकामी असेल, तर ४३३ व्होल्ट त्या दोन लोडमध्ये ८७ आणि ३४६ असे वाटले जातात. हलक्या लोडच्या घरात ३४६ व्होल्ट पोचले की उपकरणं जळायला मिनिटही पुरतं. न्यूट्रलचा सैल लग म्हणूनच कधी “नंतर बघू” म्हणून सोडू नये. एलटीचा एक फ्यूज गेला असेल तर ती एकच फेज मेलेली दिसते. तीन फेजची मोटर चालू असेल तर तीही मोटरमधून मागे येणाऱ्या व्होल्टेजमुळे जिवंत भासते, म्हणून मोटर बंद करून मोजा.

तोपर्यंत तीन फेजच्या सगळ्या मोटरी बंद ठेवा. या अवस्थेत फिरतं चुंबकीय क्षेत्र तयारच होत नाही. उभी मोटर सुरू होणार नाही, नुसती घुमेल आणि पाच-सहापट करंट घेत जळेल.

---

तिसरी_फेज

फेज-फेज मोजलं: ५, ३६१ आणि ३६५. मधल्या फेजचा डीओ गळलेला आहे. नवा फ्यूज टाकण्याआधी काय तपासायचं? आणि एचटीचा फ्यूज थोडा जाड टाकला तर चालतो का? एलटीचा बिघाड असेल तर तोही एचटीचा फ्यूज तोडेलच ना?

---

तेल_कागद_तांबं

जाड तार टाकू नका, आणि शेवटचं गृहीतकही चूक आहे. आधी तेच सांगतो.

तुमच्या ट्रान्सफॉर्मरचा टक्केवारी इम्पिडन्स (आतला अडथळा) ४.५ धरू. एलटी टर्मिनलवरच तिन्ही फेज एकत्र झाल्या तर एलटीला १३३.३ ÷ ०.०४५, म्हणजे सुमारे २९६० अँपिअर. एचटीला ५.२५ × २२.२ = ११७ अँपिअर. एवढ्यात १०-१२ अँपिअरचा डीओ झटकन जातो. पण बिघाड लाइनच्या टोकाला, काहीशे मीटरवर असेल आणि तिथपर्यंतच्या फेज-न्यूट्रल वळशाचा अडथळा अर्धा ओहम असेल, तर करंट २५० ÷ ०.५ = ५०० अँपिअर. वेढ्यांचं गुणोत्तर ४४ आहे, म्हणून एचटीला ५०० ÷ ४४ = ११.४ अँपिअरच दिसतात, तेही दोन तारांत. १२ अँपिअरचा फ्यूज यावर हलणारही नाही. एलटीचं एक वाइंडिंग मात्र आपल्या क्षमतेच्या पावणेचारपट करंट घेत राहील आणि काही मिनिटांत त्यावरचा इन्सुलेशनचा कागद जळायला लागेल.

म्हणून एलटीचा फ्यूज ट्रान्सफॉर्मर आणि लाइन वाचवण्यासाठी असतो. एचटीचा असतो तो आतूनच बिघडलेला ट्रान्सफॉर्मर फिडरपासून (११ केव्हीच्या लाइनपासून) तोडण्यासाठी. एलटीला फ्यूजऐवजी मिळेल ती तार गुंडाळली की ट्रान्सफॉर्मर उघडा पडला. जळालेल्या वितरण ट्रान्सफॉर्मरांमागे सगळ्यात टाळता येण्यासारखं कारण हेच आहे असं माझं ठाम मत आहे. डीओसाठी पूर्ण लोड करंटच्या साधारण दुप्पट क्षमता ठेवतात. त्याहून कमी ठेवला तर ट्रान्सफॉर्मर चार्ज करतानाच (सप्लाय देतानाच) उडेल: व्होल्टेजच्या शून्य क्षणी स्विच बसला तर फ्लक्स नेहमीच्या दुपटीपर्यंत चढतो, त्यात आधीचं उरलेलं चुंबकत्व मिळालं तर आणखी वर. कोअर सॅच्युरेट होतो आणि पहिल्या काही आवर्तनांत पूर्ण लोडच्या आठ-बारापट करंट जातो. तो सेकंदाच्या आत ओसरतो. चार्ज करताना येणारा मोठा घोंग तोच.

आता तपासणी. एबी स्विच उघडा, तिन्ही डीओ काढा, एलटीचे फ्यूज काढा. एलटीकडून जनरेटर किंवा दुसऱ्या लाइनचं व्होल्टेज मागे येत नाही ना हे बघा. मग एचटी आणि एलटी दोन्ही बाजूंना अर्थिंगचे दांडे लावा. यातली एकही पायरी गाळायची नाही.

आधी डोळ्यांनी आणि नाकाने. तेलाची पातळी, बुशिंगवर (टर्मिनलभोवतीच्या इन्सुलेटरवर) चीर किंवा काळा पट्टा, टाकी फुगली आहे का, तेल बाहेर फेकलं गेलंय का, जळका वास येतो का. लाइटनिंग अरेस्टर (विजेची लाट जमिनीत वळवणारं साधन) फुटला असेल तर फ्यूज विजेच्या लाटेने गेला असण्याची शक्यता मोठी. फांदी किंवा पक्षी आडवा आल्याची खूण बुशिंगच्या टोकांवर सापडते.

मग अर्थिंग काढून मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर). एचटी ते टाकी आणि एचटी ते एलटी २५०० व्होल्टवर, एलटी ते टाकी ५०० किंवा १००० वर. एलटी मोजताना न्यूट्रलचं अर्थिंग सोडवायला विसरू नका, नाहीतर शून्य दाखवेल. थंड, कोरड्या ट्रान्सफॉर्मरला एचटीत काहीशे मेगाओहम यायला हवेत. तापमान १० अंशांनी वाढलं की रीडिंग साधारण निम्मं होतं. नुकत्याच बंद केलेल्या ट्रान्सफॉर्मरचं कमी रीडिंग बघून घाबरू नका, पण तापमान लिहून ठेवा. प्रत्येक मोजणीनंतर वाइंडिंग डिस्चार्ज करा.

मेगर चांगला आला म्हणजे काम संपलं असं नाही. वाइंडिंगचे एकमेकांत चिकटलेले वेढे मेगर दाखवत नाही. त्यासाठी एचटीच्या तीन टर्मिनलना ४१५ व्होल्टचा तीन फेज सप्लाय द्या आणि एलटीला मोजा: फेज-फेज १६.३ आणि फेज-न्यूट्रल ९.४ व्होल्ट, तिन्ही सारखे. त्यानंतर ४१५ व्होल्ट एचटीच्या दोनच टर्मिनलना द्या आणि उरलेल्या दोन जोड्यांवर मोजा. त्या दोन्हींची बेरीज लावलेल्या व्होल्टेजएवढी हवी. मधल्या लिंबच्या (कोअरच्या उभ्या खांबाच्या) वाइंडिंगला दिलं तर बाकी दोघांत जवळजवळ निम्मे निम्मे वाटले जातात. कडेच्या लिंबला दिलं तर मधल्याला मोठा वाटा आणि लांबच्याला छोटा. निरोगी ट्रान्सफॉर्मर या चाचणीत मिलिअँपिअरच घेतो. एखाद्या लिंबवर वेढे शॉर्ट असतील तर तो लिंब फ्लक्स घेत नाही: तिथे व्होल्टेज शून्याकडे जातं, आणि त्याच वाइंडिंगला सप्लाय दिला तर करंट कित्येक पटींनी वाढतो.

ही चाचणी चुकूनही एलटीकडून करू नका. एलटीच्या फेजला २३० व्होल्ट दिले तर एचटीच्या बुशिंगवर २३० × ४४ = १०१२० व्होल्ट उभे राहतात.

सगळं ठीक असेल तर एलटी उघडी ठेवूनच योग्य क्षमतेचे डीओ टाका आणि चार्ज करा. तिन्ही फेज-न्यूट्रल, तिन्ही फेज-फेज मोजा, आवाज ऐका. पंधरा-वीस मिनिटं रिकामा चालू द्या, मगच एलटीचे फ्यूज एकेक करून बसवा आणि टाँग टेस्टरने (तारेभोवती अडकवून करंट मोजायच्या मीटरने) तिन्ही फेज व न्यूट्रलचा करंट बघा.

---

गाभा_आणि_वेढे

आवाजाबद्दल थोडं, कारण त्यावरून बरंच कळतं. नेहमीचा गुंजारव कोअरच्या पत्र्यांचा असतो. चुंबकित होताना सिलिकॉन स्टीलची लांबी अगदी सूक्ष्म बदलते, आणि एका आवर्तनात हे दोनदा होतं, म्हणून ५० हर्ट्झच्या सप्लायला १०० हर्ट्झचा सूर. हा सूर रिकाम्या ट्रान्सफॉर्मरलाही असतो. त्यात खरखर मिसळली तर कोअरचे बोल्ट किंवा टाकीचा एखादा भाग सैल आहे. तडतड ऐकू आली तर आत किंवा बुशिंगवर स्पार्किंग आहे, ताबडतोब बंद करा.

---

टॅप_पोझिशन

कुणी विचारलं नाही, पण या धाग्यात ४३३ हा आकडा वारंवार आला आहे. लोड ४१५ चा आणि पाटीवर ४३३ का? पाटीवरचं व्होल्टेज रिकाम्या अवस्थेचं असतं. लोडवर ट्रान्सफॉर्मरच्या आतच काही टक्के पडतात, म्हणून ते मुद्दाम चारेक टक्के वर ठेवलेलं असतं.

मधे ट्रान्सफॉर्मर हवाच कशाला, हे एका गणितात दिसतं. १०० किलोवॉट ४०० व्होल्टवर एक किलोमीटर न्यायचे, तारेचा रेझिस्टन्स फेजला अर्धा ओहम. करंट १४४ अँपिअर, तारांत ३१ किलोवॉट जळणार आणि फेजमागे ७२ व्होल्ट पडणार. तेच ११००० वर ५.२५ अँपिअर, तोटा ४१ वॉट. करंट साडेसत्तावीस पट कमी, तोटा ७५० पटींहून कमी. म्हणून वीजकेंद्रापासून घरापर्यंत चार-पाच वेळा व्होल्टेज बदललं जातं: तयार होते ११ ते २५ हजार व्होल्टला, लांबच्या प्रवासाला २२० किंवा ४०० केव्हीवर चढते, मग उपकेंद्रांत टप्प्याटप्प्याने ३३ आणि ११ वर उतरते. शेवटची पायरी तुमचा हा ट्रान्सफॉर्मर, आणि तो लोडच्या जितका जवळ तितकं चांगलं. दोनशे केव्हीएचा एक दूर ठेवण्यापेक्षा पंचवीसचे आठ जवळजवळ ठेवलेले, टोकाच्या व्होल्टेजसाठी केव्हाही बरे. फक्त आठ कोअरचा चोवीस तासांचा तोटा हिशेबात धरायचा. रिकामा तोटा २०० वॉट असला तरी वर्षाला १७५२ युनिट होतात.

व्होल्टेज कायम कमी येत असेल तर टॅप (वाइंडिंगचे वेढे कमी-जास्त करायचे जोड) बदला. टॅप एचटीवर असतात, कारण तिथे करंट कमी आणि ते वाइंडिंग बाहेरच्या बाजूला. एक पायरी सहसा २.५ टक्क्यांची, एलटीच्या फेजला सुमारे ६ व्होल्ट. एलटी वाढवायची तर एचटीचे वेढे कमी करायचे. या प्रकारच्या टॅप स्विचला चालू अवस्थेत हात लावायचा नाही. दोन्ही बाजू बंद करूनच. चालू लोडवर बदलणारे टॅप चेंजर मोठ्या ट्रान्सफॉर्मरना असतात, त्यांची रचना वेगळी.

---

तेल_कागद_तांबं

राहिलेलं एक. फ्यूज बदलायला वर चढलाच आहात तर ब्रीदर (आत जाणारी हवा कोरडी करणारा डबा) बघून घ्या. निळं सिलिका जेल ओलावा शोषून गुलाबी होतं, आणि ते खालून वर गुलाबी व्हायला हवं, कारण हवा खालच्या तेलाच्या वाटीतून येते. वरचा थर आधी गुलाबी झाला असेल तर ब्रीदरच्या वरच्या जोडातून किंवा कंझर्व्हेटरच्या (वरच्या छोट्या तेलटाकीच्या) पाइपमधून हवा शिरते आहे. जेल बदलून उपयोग नाही, आधी ती गळती बंद करा. खालच्या वाटीत तेल खुणेपर्यंत हवं. वाटी कोरडी असेल तर जेल सतत बाहेरच्या हवेला उघडं राहतं आणि लवकर संपतं.

तेलाचा नमुना टाकीच्या तळच्या व्हॉल्व्हमधून, कोरड्या बाटलीत, पहिलं थोडं तेल सोडून देऊन घ्या; पाणी तळाशी बसतं. २.५ मिलिमीटरच्या फटीत ३० केव्हीच्या खाली ब्रेकडाउन आला तर तेल फिल्टर करायलाच हवं. तेल बदलता येतं, वाइंडिंगवरचा कागद बदलता येत नाही. साध्या कागदाचं वय ९८ अंशांच्या हॉटस्पॉटला (वाइंडिंगमधल्या सर्वात गरम जागेला) नेहमीच्या गतीने सरतं, आणि त्यापुढे दर ६ अंशांना ती गती दुप्पट होते. ११० अंशांवर चालवलेला एक तास चार तासांचं आयुष्य खातो. ओला कागद त्याहून लवकर ठिसूळ होतो, आणि ठिसूळ कागद पुढच्या शॉर्ट सर्किटचा धक्का सोसत नाही: २२ पट करंटला वाइंडिंगवरचं बल सुमारे ४९० पट असतं.

अरेस्टरच्या अर्थिंगची तारही बघा. ती शक्य तितकी आखूड आणि सरळ हवी, गुंडाळी करून ठेवलेली नको. मीटरभर तारेत साधारण एक मायक्रोहेन्री असतो. लाट मायक्रोसेकंदाला ५००० अँपिअरने चढली तर दर मीटरला ५००० व्होल्ट जास्तीचे ट्रान्सफॉर्मरच्या वाट्याला येतात. हीच तार टाकीलाही जोडलेली हवी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची टाकी आणि अरेस्टरचा पाया एकाच पातळीला राहतात.